हातगाडीवरचे जंतू, दुकानातल्या गोळ्या

औषधांना दाद न देणारे जंतू हातगाड्या हटवून हटणार नाहीत. त्यांची साखळी तोडायची तर पिण्याचे पाणी, विक्रेत्याचे हात आणि प्रतिजैविकांची विक्री या तिन्हींकडे एकाच वेळी पाहावे लागेल.

रस्त्यावरचे खाणे ही अहिल्यानगर जिल्ह्यात चैन राहिलेली नाही. हजारो लोकांची ती रोजची सोय आहे. माळीवाडा आणि तारकपूर बसस्थानकांवर उतरणारे प्रवासी, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून सुटणारे कामगार, सावेडीत खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, बाजार समितीत कांदा घेऊन आलेले शेतकरी, शिर्डी आणि शनिशिंगणापूरला येणारे भाविक, मढी आणि मोहटादेवीच्या यात्रांतली गर्दी, अशा साऱ्यांची भूक वडापाव, मिसळ, भेळ, पाणीपुरी आणि उसाच्या रसावर भागते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात हातगाडी हा अन्नव्यवस्थेचाच भाग आहे. तिच्यावर विक्रेत्याचे घर चालते आणि गिऱ्हाइकाचा दिवस निभावतो.

या गाड्यांवरच्या अन्नात जंतू असतात असे म्हटले की दोन ठरलेली उत्तरे येतात. एक, ‘इतकी वर्षे खातो आहोत, काय झाले?’ दुसरे, ‘सगळ्या गाड्या उचलून न्या.’ दोन्ही उत्तरे एकाच गैरसमजातून निघतात. दोघांनाही धोका दिसतो तो फक्त त्या रात्रीच्या पोटदुखीत. प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, दाद न देणाऱ्या जंतूंचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो खाल्ल्या रात्री दिसतोच असे नाही, आणि तो हातगाडीवर जन्मालाही येत नाही.

रस्त्यावरच्या अन्नात काय सापडते, हे महाराष्ट्राला नवे नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातील डी. एच. तांबेकर आणि सहकाऱ्यांनी अमरावती शहरात रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या तयार पदार्थांची जंतूंच्या दृष्टीने तपासणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी शहरातल्या फळांच्या रसांवरचा अभ्यास मांडला. या तपासण्यांत ‘ई. कोलाय’ आणि ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हे जंतू पुढे आले. यांपैकी पहिला आतड्यात राहतो. तो पाण्यात किंवा चटणीत सापडला, तर कुठे तरी विष्ठेचा अंश मिसळला आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. दुसरा माणसाच्या नाकात आणि त्वचेवर असतो. तो पदार्थात सापडला, तर बहुधा हातांवाटे आला आहे असे समजायचे. एक जंतू पाण्याची कथा सांगतो, दुसरा हातांची.

असा जंतू सापडला की प्रयोगशाळेत पुढचा प्रश्न विचारला जातो: हा कोणत्या औषधाने मरतो? त्याची पद्धत सोपी आहे. काचेच्या बशीत जंतूंचा पातळ थर पसरतात आणि त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांत भिजवलेल्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी बशी पाहतात. औषध लागू पडत असेल, तर चकतीभोवती जंतूंविना स्वच्छ वर्तुळ दिसते. लागू पडत नसेल, तर जंतू थेट चकतीच्या कडेपर्यंत वाढलेले असतात. पदवीच्या वर्गात शिकवली जाणारी ही चाचणी आहे. तिला महागडे यंत्र लागत नाही.

चकतीच्या कडेपर्यंत वाढलेला जंतू हे कसे साधतो? काही जंतू औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतात. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली अनेक औषधे निकामी करणारी ‘ईएसबीएल’ नावाची विकरे याच प्रकारातली. काही जंतू आत शिरलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतात. काहींच्या शरीरात औषध जिथे चिकटते ती जागाच बदललेली असते. याहून चिंतेची गोष्ट अशी, की ही विद्या जंतू एकमेकांना देऊ शकतात. पेशीत सुटे फिरणारे जनुकांचे छोटे कडे, म्हणजे प्लाझमिड, एका जंतूकडून शेजारच्या जंतूकडे जाते. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावे लागतात असेही नाही. त्यामुळे पाणीपुरीच्या पाण्यातून आलेला ई. कोलाय स्वतः निरुपद्रवी असला, तरी आतड्यातल्या दुसऱ्या जंतूला तो औषधाशी लढण्याचे हत्यार देऊन जाऊ शकतो.

‘काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. असे जंतू पोटात गेले की लगेच आजार होत नाही. ते आतड्यात मुक्काम करतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी परदेशी निघालेल्या सुमारे दोन हजार लोकांची विष्ठा प्रवासाआधी आणि प्रवासानंतर तपासली. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकात आला. भारत ज्यात येतो त्या दक्षिण आशियात जाऊन आलेल्या १८१ जणांपैकी १३६ जणांच्या आतड्यात ईएसबीएल बनवणारे जंतू नव्याने आढळले. दर चार प्रवाशांमागे तीन, असे हे प्रमाण आहे. निम्म्या लोकांच्या शरीरातून ते साधारण महिन्याभरात गेले. पण दहातल्या एकाहून थोड्या अधिक लोकांत वर्षभरानंतरही ते होते. ज्यांनी प्रवासात प्रतिजैविके घेतली, त्यांना हे जंतू चिकटण्याची शक्यता अधिक होती. पाहुण्याची ही गत काही आठवड्यांत होत असेल, तर इथे रोज राहणाऱ्याची काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

हा मुक्काम महागात पडतो तो पुढे कधी तरी. मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातल्या ई. कोलायमुळे होतो. बाळंतपणानंतर, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर, मधुमेहात किंवा केमोथेरपी चालू असताना हेच जंतू रक्तात शिरू शकतात. तेव्हा डॉक्टर नेहमीचे औषध देतात आणि ते लागू पडत नाही. दोन-तीन दिवस वाया जातात. मग शिरेतून देण्याची महागडी औषधे, अतिदक्षता विभाग आणि वाढत जाणारे बिल. अनेकदा जमीन किंवा दागिना गहाण पडतो. या खर्चाचा आणि वर्षभरापूर्वी कुठे तरी प्यायलेल्या बर्फाच्या रसाचा संबंध कोणी जोडत नाही, आणि एका रुग्णापुरता तो सिद्धही करता येत नाही. म्हणूनच हा धोका अदृश्य राहतो.

आकडे मात्र अदृश्य नाहीत. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) रुग्णालयांच्या जाळ्यातून दरवर्षी अहवाल निघतो. त्यात रुग्णांकडून मिळालेल्या ई. कोलायच्या नमुन्यांपैकी ‘इमिपेनेम’ या राखीव समजल्या जाणाऱ्या औषधाला दाद देणारे नमुने २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते. २०२३ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या आसपास आले. टायफॉइड तर थेट अन्न-पाण्यातून येणारा आजार. एके काळी त्याच्यावर सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी हमखास चाले. आज देशातल्या टायफॉइडच्या जंतूंपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जंतू त्या गटातल्या औषधांना पुरेशी दाद देत नाहीत. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडने त्याच्याही पुढची पायरी दाखवली. तिथे सेफ्ट्रिअॅक्सोनसह बहुतेक औषधे निकामी झाली आणि तोंडाने घेण्याच्या औषधांत जवळपास फक्त अॅझिथ्रोमायसिन उरले.

मग हे जंतू येतात कुठून? पहिला उगम औषधाच्या दुकानात आहे. जुलाब लागले की गल्लीतल्या दुकानातून ‘जुलाबाच्या दोन गोळ्या’ मागायच्या, ही सवय शहरापासून वाडीपर्यंत सारखी आहे. हातात पडते ती अनेकदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची जोडगोळी. अशा अनेक जोडगोळ्यांचा वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक साधे जुलाब विषाणूंमुळे किंवा पदार्थात आधीच तयार झालेल्या विषामुळे होतात. त्यांवर प्रतिजैविकाचा काहीच उपयोग नसतो. दोन गोळ्यांनी बरे वाटले, असे वाटते. प्रत्यक्षात जुलाब आपले आपणच थांबलेले असतात. दरम्यान त्या दोन गोळ्यांनी आतड्यातले नाजूक जंतू मारलेले असतात आणि चिवट जंतूंना मोकळे रान दिलेले असते.

दुसरा उगम गोठ्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये आहे. अहिल्यानगर हा दुधाचा जिल्हा. संकरित गायींना कासदाह, शेतकऱ्यांच्या भाषेत दगडी, झाली की सडात प्रतिजैविकाची नळी सोडली जाते. उपचार गरजेचा असतो. पण त्यानंतर ठरावीक काळ ते दूध बाजूला काढायचे असते. रोजच्या पगारासारखे येणारे दुधाचे पैसे सोडणे लहान शेतकऱ्याला जड जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. टक्केवारी लहान आहे, तरी दूध रोज घराघरात जाते. कोंबड्यांची गोष्ट अधिक गंभीर. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०१४ मध्ये राजधानी परिसरातले ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसासाठी अखेरचे अस्त्र असलेले ‘कोलिस्टिन’ केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्य प्राण्यांसाठी बंद केले. मांस, दूध आणि अंड्यांच्या उत्पादनातील प्रतिजैविकांवरचे आणखी कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. कागदावरचे नियम गोठ्यापर्यंत पोहोचवणे हे काम बाकी आहे.

हे सगळे एकत्र येते ते सांडपाण्यात. माणसांच्या आणि जनावरांच्या पोटातले चिवट जंतू, रुग्णालयांचे सांडपाणी, न पचता बाहेर पडलेली औषधे, सारे गटारात भेटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यापैकी सुमारे २० हजार दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होते. उरलेले नदी-ओढ्यांत जाते. तिथून ते कोथिंबीर-मेथीच्या शेतात, गळक्या जलवाहिनीत आणि अखेर पिंपात येते. दिल्लीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत रस्त्याकडेला साचलेल्या-झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे कुप्रसिद्ध जनुक सापडले. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांतही ते होते. पाण्याचा मार्ग किती सहज खुला होतो, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातून सुरू झालेल्या उद्रेकात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, आणि काही रुग्णांच्या विष्ठेत ‘कॅम्पायलोबॅक्टर’ हा आतड्याचा जंतू मिळाला. तिथे चर्चा झाली ती पाण्याचीच.

म्हणजे हातगाडी हे या साखळीचे उगमस्थान नाही, शेवटचा थांबा आहे. मात्र या थांब्यावर जंतूंना अडवणे सर्वांत सोपे आहे. त्याचे कारण साधे आहे. औषधाला न जुमानणारा जंतू उकळत्या पाण्याला जुमानतो. प्रतिजैविकाविरुद्ध त्याने कमावलेले हत्यार उष्णतेपुढे चालत नाही. पाण्यातल्या पुरेशा क्लोरीनने आणि हातावरच्या साबणानेही तो साध्या जंतूसारखाच जातो. तोंडात जाण्यापूर्वी त्याला काही रुपयांत मारता येते. रक्तात शिरल्यावर लाखो रुपयेही कमी पडतात.

हे लक्षात घेतले, तर गाडीवरचा प्रत्येक पदार्थ सारखा धोकादायक नसतो, हेही दिसते. कढईतून थेट हातात आलेला वडा, रटरटत्या तर्रीतली मटकी, उकळता चहा हे बरेच सुरक्षित. धोका असतो तो त्यासोबत येणाऱ्या कच्च्या आणि थंड गोष्टींत: सकाळी वाटून दिवसभर उघडी राहिलेली हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा आणि कोथिंबीर, पाणीपुरीचे पाणी, मोड आलेले कच्चे मूग, उसाच्या रसातला बर्फ. चिंचेच्या आंबटपणाने पाण्यातले सगळे जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे. उबदार हवेत, पोषक पदार्थात ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. सकाळी अकराला वाटलेली चटणी संध्याकाळी पाचला तीच राहत नाही. बर्फाबाबत राज्यात २०१८ पासून एक चांगला नियम आहे: खाण्यासाठी नसलेला, औद्योगिक वापराचा बर्फ निळसर रंगाचा असावा. रसवंतीवर बर्फाचा रंग पाहणे ही गिऱ्हाइकाला जमणारी तपासणी आहे. मात्र पांढरा बर्फ म्हणजे शुद्ध पाण्याचा बर्फ, अशी हमी त्यातून मिळत नाही.

विक्रेत्याच्या बाजूनेही पाहायला हवे. दिवसभर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जवळ नळ नसतो, स्वच्छतागृह नसते. पिंपातले पाणी त्याला दुपारपर्यंत पुरवायचे असते. त्याच पाण्यात बशा विसळायच्या, त्यातच हात धुवायचे. एका हाताने पैसे घ्यायचे आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पुरी फोडायची. हातमोजे घातले, की स्वच्छता आली, असे मानले जाते. पण तेच मोजे नोटा, फडके आणि पुरी या तिन्हींना लागत असतील, तर उघड्या धुतलेल्या हातांपेक्षा ते वाईट. अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमावलीत लहान विक्रेत्यांसाठी पिण्यायोग्य पाणी, झाकलेले अन्न आणि वैयक्तिक स्वच्छता यांच्या अटी आहेत. पण जिथे पाणीच नाही, तिथे त्या अटींची परिणती दंडाच्या पावतीत होते. दंड भरून विक्रेता पुढच्या चौकात जातो, तेच पिंप घेऊन.

पथविक्रेत्यांसाठीचा २०१४ चा कायदा यावर वाट दाखवतो. त्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती आणि निश्चित विक्री क्षेत्रे यांची तरतूद आहे. केंद्राने २०२३ मध्ये देशभरात शंभर आदर्श ‘फूड स्ट्रीट’ उभारण्याची योजना आणली आणि प्रत्येकीसाठी एक कोटी रुपये ठेवले. दिमाखदार कमानी आणि रंगीत दिवे हा तिचा दुय्यम भाग. खरी गरज तीन गोष्टींची आहे: क्लोरीनयुक्त पाण्याचा नळ, साबण असलेले हात धुण्याचे ठिकाण आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह. अहिल्यानगर महापालिकेने, शिर्डीसह जिल्ह्यातल्या नगरपालिका-नगरपंचायतींनी आणि यात्रा भरवणाऱ्या देवस्थानांनी एवढे दिले, तरी निम्मे काम होईल. आरोग्य कर्मचारी गावागावांत पाण्यातला क्लोरीन पाहण्यासाठी ‘ओटी’ चाचणी करतात. काही थेंब टाकून मिनिटभरात निकाल देणारी ही चाचणी विहिरीवर आणि टाकीवर होते, तशी पाणीपुरीच्या पाण्यासाठी भरलेल्या पिंपावर आठवड्यातून एकदा का होऊ नये?

दुसरे अर्धे काम औषधाच्या दुकानात आहे, आणि इथे महाराष्ट्राची एक जमेची बाजू आहे. राज्यात अन्न आणि औषध या दोन्हींचे नियंत्रण एकाच खात्याकडे, अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. साखळीची दोन्ही टोके एकाच कार्यालयाच्या अखत्यारीत आहेत. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ परिशिष्टानुसार त्यातली प्रतिजैविके विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ती वही किती दुकानांत खऱ्या अर्थाने भरली जाते, हे अचानक भेटीतच कळते. केरळने २०१८ मध्ये या प्रश्नावर राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला. २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ या नावाने चिठ्ठीविना प्रतिजैविके देणाऱ्या दुकानांची अचानक तपासणीही तिथे सुरू झाली. अपुऱ्या मनुष्यबळाची अडचण महाराष्ट्रात जुनी आहे, हे मान्य. पण दिवाळीच्या तोंडावर खवा आणि तेलाचे नमुने घ्यायला जी यंत्रणा बाहेर पडते, तिने पावसाळ्याच्या तोंडावर बर्फ, पिंपातले पाणी आणि एच-१ च्या वह्या एकाच फेरीत पाहाव्यात, ही मागणी अवाजवी नाही.

तिसरी गरज माहितीची. भेसळीची तपासणी दुधात पाणी किती, तेलात काय मिसळले हे सांगते. जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे सांगत नाही. जिल्ह्यात शासकीय रुग्णालय आहे, लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत. कागदी चकत्यांची चाचणी तिथल्या विद्यार्थ्यांच्या हातात आहे. दर सहा महिन्यांनी ठरावीक ठिकाणचे पाणी, बर्फ आणि चटणीचे नमुने घ्यावेत, एकाच पद्धतीने तपासावेत आणि निकाल तालुकावार जाहीर करावेत. त्यात विक्रेत्यांची नावे नसावीत. म्हणजे भीतीने दारे बंद होणार नाहीत आणि नेमका प्रश्न कोणत्या पाण्यात आहे, ते कळेल. असा तक्ता गावातल्या डॉक्टरांच्याही उपयोगाचा असतो. कोणते औषध चालते आणि कोणते नुसते लिहिले जाते, हे त्यातून दिसते.

टायफॉइडपुरता आणखी एक मार्ग राज्यानेच जगाला दाखवला आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नव्या ‘कॉन्जुगेट’ लसीची सार्वजनिक मोहीम घेतली आणि एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली. सरकारी यंत्रणेने ही लस अशा मोहिमेत वापरण्याची जगातली ती पहिली वेळ. टळलेला प्रत्येक टायफॉइड म्हणजे टळलेला प्रतिजैविकांचा एक कोर्स. मोठी वर्दळ असलेल्या तीर्थस्थळांच्या जिल्ह्याने हा अनुभव अभ्यासायला हवा.

घराघरांत करण्यासारखे तर बरेच आहे. गाडीवर खायचे तर समोर तळलेले, उकळलेले आणि गरम घ्यावे. कच्ची चटणी, चिरलेला कांदा आणि बर्फ टाळावा. खाण्याआधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. जुलाब लागले तर पहिले औषध ओआरएस. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ते विरघळवावे आणि थोडे थोडे पाजत राहावे. लहान मुलांना डॉक्टरांच्या किंवा आशा सेविकेच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. बाळाचे स्तनपान आणि रोजचे जेवण थांबवू नये. शौचातून रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल, लघवी कमी झाली असेल, रुग्ण मलूल असेल किंवा तो तान्हे बाळ, गरोदर बाई वा वृद्ध असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. आवेची लागण, टायफॉइड, गंभीर पटकी यांत प्रतिजैविक लागते आणि ते जीव वाचवते. ते डॉक्टरांनी सांगितले, तर सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत. आणि डॉक्टरांनी ‘गोळीची गरज नाही’ असे सांगितले, तर ते चांगल्या डॉक्टरचे लक्षण मानावे. त्यासाठी दुसरा दवाखाना शोधू नये.

प्रतिजैविके ही विहिरीच्या पाण्यासारखी सामाईक संपत्ती आहे. एकाने बेफिकिरीने उपसा केला, की शेजारच्याची विहीर आटते, हे या दुष्काळी जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धीने पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवला, तो गावाने मिळून नियम पाळला म्हणून. औषधांच्या बाबतीत तसा ताळेबंद मांडायची वेळ आली आहे. त्यात हातगाडीवाल्याला आरोपी करून चालणार नाही. त्याला नळ, साबण आणि प्रशिक्षण द्यावे लागेल. हिशेब विचारायचा तो पाणी न देणाऱ्या पालिकेला, वही न भरणाऱ्या दुकानाला आणि सर्दीलाही प्रतिजैविक मागणाऱ्या घराला. नवी प्रतिजैविके शोधायला वर्षानुवर्षे लागतात. पिंपात क्लोरीन टाकायला एक मिनिट पुरते.